उत्तर दिशा निर्जन नाही

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांखाली उतरला की चोपडा तालुक्यातील केळी उत्पादक धास्तावतो. केळीला थंडी मानवत नाही. पाने पिवळी पडतात, घडांची वाढ खुंटते आणि वर्षभराचा हिशेब कोलमडतो. अशा दिवसांत एस. टी. स्थानकावर, सोसायटीच्या ओट्यावर आणि आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षातही एक वाक्य हमखास कानी पडते : 'सायबेरियाचे वारे सुटले आहेत.' भूगोलाचे शिक्षक हे वाक्य तत्परतेने दुरुस्त करतात. सायबेरियावरची थंड, जड हवा हिमालय आणि मध्य आशियातील पर्वतरांगा अडवून धरतात. आपल्याकडील थंडी वायव्य भारतातील कोरड्या वाऱ्यांबरोबर येते. दूरच्या उत्तरेकडून आपल्याकडे खरोखर काही येत असेल, तर ती हिवाळ्यात हतनूरच्या जलाशयावर उतरणारी बदके होत.

हवामानाविषयीचा हा गैरसमज निरुपद्रवी आहे. सायबेरियाविषयीचा दुसरा गैरसमज तितका निरुपद्रवी नाही, आणि तो आम्हा शिक्षकांनीच पिढ्यान्‌पिढ्या पुढे चालविला आहे. काही वर्षांपूर्वी आर्थिक भूगोलाच्या तासाला मी नेहमीप्रमाणे टिपण सांगत होतो : 'अतिथंड, जवळजवळ निर्जन, परंतु साधनसंपत्तीने समृद्ध प्रदेश.' पुढच्याच वाक्यात मी सांगितले की, रशियाच्या झारांनी या प्रदेशातून कातड्यांच्या रूपाने कर वसूल केला. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून येणारा विद्यार्थी मागच्या बाकावरून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माणसंच नव्हती, तर कर कोणी भरला?" वर्ग हसला. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

टिळकांचा उत्तर ध्रुव

मराठी वाचकाला अतिउत्तरेची ओळख करून दिली ती प्रथम लोकमान्य टिळकांनी. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मॅक्सम्युलर यांनी पाठविलेली ऋग्वेदाची प्रत त्यांना तुरुंगात वाचावयास मिळाली. पुढे सिंहगडावरच्या निवांत दिवसांत त्यांनी हाती घेतलेले संशोधन 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज' या इंग्रजी ग्रंथाच्या रूपाने १९०३ मध्ये पुण्यातून प्रसिद्ध झाले. उषःसूक्तांतील दीर्घकाळ रेंगाळणारी पहाट, तैत्तिरीय संहितेतील तीस उषा, देवांचा सहा महिन्यांचा दिवस आणि सहा महिन्यांची रात्र, दहा महिने सत्र करणारे दशग्व ऋषी : हे सर्व उल्लेख जोडून त्यांनी असे प्रतिपादन केले की, वेदकालीन लोकांच्या पूर्वजांचे मूलस्थान ध्रुवप्रदेशात असले पाहिजे आणि हिमयुगाच्या आक्रमणामुळे त्यांना ते सोडावे लागले असले पाहिजे.

हा सिद्धान्त पुण्यातही सर्वांना मान्य झाला नाही. नारायण भवानराव पावगी यांनी १९१५ साली सप्तसिंधूचा प्रदेश हेच आर्यांचे मूलस्थान असल्याचा प्रतिपक्ष मांडला. आजचे भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व टिळकांच्या निष्कर्षाला आधार देत नाही. तरीही एका राजकीय पुढाऱ्याने तुरुंग आणि कोर्टकचेऱ्या यांतून वेळ काढून एवढा व्यासंग केला, याचे मोल कमी होत नाही.

मात्र त्या ग्रंथाने मराठी मनात उत्तरेचे जे चित्र रुजविले, त्यात एक उणीव राहून गेली. टिळकांची उत्तर ही हजारो वर्षांपूर्वीची, सौम्य हवामानाची आणि आपल्या पूर्वजांची उत्तर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे कोण राहत होते, हा त्यांचा प्रश्न नव्हता, आणि त्याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु जी दीर्घ रात्र त्यांनी ऋचांतून शोधली, ती दर हिवाळ्यात प्रत्यक्ष जगणारी माणसे त्याही वेळी होती. टिळकांचा ग्रंथ आकार घेत होता, त्याच सुमारास, १९००-०१ मध्ये, व्लादिमीर बोगोराझ हा रशियन संशोधक आशियाच्या ईशान्य टोकाला अनादिर नदीच्या परिसरात चुकची लोकांची भाषा, कथा आणि चालीरीती टिपून घेत होता. गंमत अशी की, तोही राजकीय कैदीच होता. झारशाहीने त्याला कोलिमा नदीकडे हद्दपार केले होते आणि हद्दपारीतच तो या लोकांचा अभ्यासक बनला. त्याचा चुकचींवरील बृहद्‌ग्रंथ १९०४ पासून प्रसिद्ध होऊ लागला. एकाच काळात दोन बंदिवान एकाच दिशेकडे पाहत होते. एकाला तेथे आपले पूर्वज दिसले, दुसऱ्याला तेथील शेजारी. आपण पहिल्याचा वारसा जपला. दुसऱ्याचे नावही आपल्या कानी आले नाही.

भूमी आणि माणसे

उरल पर्वतापासून प्रशांत महासागरापर्यंत पसरलेल्या सायबेरियाचे क्षेत्रफळ सुमारे एक कोटी तीस लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या जवळजवळ चौपट आहे. एवढ्या प्रदेशात साडेतीन कोटींच्या आसपास लोक राहतात. एकट्या महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वाअकरा कोटी होती. दक्षिणेकडे गवताळ मैदाने, मधल्या पट्ट्यात 'तैगा' नावाचे सूचिपर्णी अरण्य आणि उत्तरेला वृक्षहीन 'टुंड्रा' अशी या भूमीची रचना आहे. निम्म्याहून अधिक जमीन पृष्ठभागाखाली बारमाही गोठलेली असते. आपली तापी पश्चिमेला जाते. ओब, येनिसेई आणि लेना या महानद्या उत्तरेला, गोठलेल्या समुद्राकडे वाहतात. वसंतात त्यांचे उगमाकडील बर्फ आधी वितळते, मुखाशी पात्र गोठलेलेच असते आणि अडलेले पाणी दोन्ही तीरांवर पसरते. वेर्खोयान्स्क या गावी १८९२ साली शून्याखाली ६७.८ अंश तापमान नोंदले गेले आणि त्याच गावी २० जून २०२० रोजी पारा ३८ अंशांवर गेला. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या खानदेशी माणसालाही ही तफावत विस्मित करील.

आता माणसांकडे वळू. यामाल द्वीपकल्पातील नेनेत्स रेनडिअरांचे कळप घेऊन ऋतुमानाप्रमाणे शेकडो किलोमीटरांची ये-जा करतात. कातड्याने आच्छादलेला शंकूच्या आकाराचा तंबू हे त्यांचे घर. एवेन्की लोक तैगातील शिकारी. 'शामान' हा आज जगभर रूढ झालेला शब्द त्यांच्याच भाषेतून आला. लेना नदीच्या खोऱ्यातील साखा, म्हणजेच याकूत, हे तुर्की भाषाकुलातील लोक असून त्यांनी त्या थंडीतही घोडे आणि गुरे पाळण्याची विद्या साधली आहे. बैकल सरोवराभोवतीचे बुर्यात मंगोल भाषाकुलातील. त्यांच्यात बौद्ध धर्म रुजला आणि १७४१ साली राणी एलिझाबेथने त्याला अधिकृत मान्यता दिली. म्हणजे भारतात जन्मलेला एक विचार तेथपर्यंत कधीच जाऊन पोहोचला होता. पूर्व टोकाला चुकची, कोर्याक, युकागीर. पश्चिमेला खांती आणि मान्सी. 'नेनेत्स' या शब्दाचा अर्थच मुळी 'माणूस'. रशियन दप्तरांत मात्र शतकानुशतके त्यांना परक्यांनी दिलेल्या 'सामोयेद' या नावानेच नोंदले गेले.

कर कोणी भरला?

स्त्रोगानोव्ह या मिठाच्या व्यापारी घराण्याने पदरी ठेवलेला येर्माक नावाचा कझाक सरदार १५८१-८२ च्या सुमारास उरल पर्वत ओलांडून गेला आणि त्याने कुचुम खानाचे 'सिबिर' हे तातार राज्य मोडले. त्या राज्याचेच नाव पुढे अख्ख्या प्रदेशाला मिळाले. १५८७ मध्ये तोबोल्स्क, १६०४ मध्ये तोम्स्क, १६३२ मध्ये याकुत्स्क अशी ठाणी बसत गेली आणि १६३९ मध्ये मोस्कवितिन पॅसिफिकच्या किनाऱ्याला पोहोचला. आपल्याकडच्या काळाशी ताडून पाहिले, तर असीरगड अकबराच्या हाती पडून खानदेशातील फारुकी राज्य संपले १६०१ साली; मोस्कवितिन समुद्रावर पोहोचला तेव्हा शिवाजी महाराज नऊ वर्षांचे होते. साठ वर्षांत एवढा भूभाग पादाक्रांत झाला, याचे कारण शौर्यापेक्षा अर्थशास्त्रात अधिक सापडते. हे कारण म्हणजे सेबल हा मुंगसाच्या अंगलटीचा, मऊ काळसर लोकरीचा प्राणी. त्याच्या कातड्याला युरोपच्या आणि चीनच्या बाजारात विलक्षण मागणी होती. एका नदीकाठचा सेबल संपला की शिकारी आणि शिपाई पुढच्या नदीकडे सरकत.

हे कातडे बहुतांशी स्थानिक लोकांकडून 'यासाक' नावाच्या करापोटी वसूल केले जाई. प्रत्येक धडधाकट पुरुषावर कातड्यांची आकारणी होती. वसुली बिनबोभाट व्हावी म्हणून टोळीच्या प्रमुखाचा मुलगा किंवा भाऊ ठाण्यात ओलीस ठेवला जाई. त्याला रशियन दप्तरात काय म्हणत? 'अमानत'. मूळ अरबी असलेला हा शब्द तुर्की भाषांतून तेथे पोहोचला. आपल्या बँकांतील 'अनामत' हे त्याचेच भावंड. आपण पैसा अनामत ठेवतो, तेथे माणूस ठेवला जात होता. सतराव्या शतकात मॉस्कोच्या तिजोरीचा एक मोठा भाग या कातड्यांवर उभा होता. त्याच शतकात रशियनांबरोबर आलेल्या देवीच्या साथींनी वस्त्यांमागून वस्त्या ओसाड केल्या. निर्जनता हा त्या भूमीचा स्थायीभाव नव्हता. काही ठिकाणी ती इतिहासाने निर्माण केली होती.

सर्वांनीच हे मुकाट्याने सोसले, असेही नाही. चुकचींनी अठराव्या शतकात रशियन मोहिमांना दाद दिली नाही. १७४७ साली मेजर पाव्लुत्स्की त्यांच्याशी लढताना मारला गेला. अखेरीस सरकारने तलवार म्यान करून व्यापाराचा मार्ग धरला. १८२२ मध्ये स्पेरान्स्की या सुधारणावादी प्रशासकाने सायबेरियातील मूळ रहिवाशांचे 'स्थायिक', 'फिरते' आणि 'भटके' असे वर्ग पाडणारा कायदा केला. आपल्याकडे १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर सातपुड्यातील भिल्लांचा बंदोबस्त कसा करावयाचा, हा प्रश्न उभा राहिला. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने, चोपड्याहून तापीपलीकडे असलेल्या धरणगावी, भिल्ल पलटण उभी केली. दोन साम्राज्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. परंतु डोंगर-अरण्यातील माणसाला वर्गात बसवावयाचे, दप्तरात नोंदवावयाचे आणि मग त्याच्याकडून काम व महसूल घ्यावयाचा, ही रीत एकच होती.

शोध कोणी कोणाचा लावला?

शोधमोहिमांच्या इतिहासातही हाच दृष्टिदोष आढळतो. सेम्योन देझन्योव १६४८ मध्ये आशियाच्या पूर्व टोकाला वळसा घालून गेला. परंतु त्याचा अहवाल दप्तरात पडून राहिला आणि सामुद्रधुनीला नाव मिळाले ते ऐंशी वर्षांनी, १७२८ मध्ये, तेथे गेलेल्या व्हिटस बेरिंगचे. रशियाच्या नोकरीतील या डॅनिश खलाशाची दुसरी मोहीम १७३३ ते १७४३ अशी दहा वर्षे चालली. आर्क्टिकचा बहुतेक रशियन किनारा तीत मोजला गेला, अलास्काचे दर्शन झाले आणि बेरिंगचा एका ओसाड बेटावर डिसेंबर १७४१ मध्ये अंत झाला. त्याच्याबरोबरच्या स्टेलर या निसर्गशास्त्रज्ञाने तेथे एका अजस्र समुद्रगाईचे वर्णन लिहून ठेवले. तिच्या मांसावर पुढचे शिकारी पोसले गेले आणि १७६८ पर्यंत, अवघ्या सत्तावीस वर्षांत, ती प्राणिजात पृथ्वीतलावरून नाहीशी झाली. पुढे १८६७ साली रशियाने अलास्का अमेरिकेला बहात्तर लाख डॉलरांना विकले. तेथील रहिवाशांना या व्यवहारात कोणी विचारल्याची नोंद नाही.

ज्यांनी स्थानिकांकडून शिकण्याचा कमीपणा मानला नाही, ते तरले. टिळकांचा ग्रंथ निघाला त्याच १९०३ साली रोआल्ड आमुन्सेन वायव्य मार्गाच्या शोधार्थ निघाला. दोन हिवाळे त्याने नेत्सिलिक इन्युइट लोकांच्या सान्निध्यात काढले. कातड्याचे कपडे कसे घालावे, कुत्र्यांची घसरगाडी कशी हाकावी, हे तो त्यांच्याकडून शिकला आणि १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचताना तीच विद्या त्याच्या कामी आली. आमच्या पाठ्यपुस्तकांत आमुन्सेन असतो. त्याचे गुरू नसतात.

रूळ, धान्य आणि लोणी

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य अभ्यासावा असा प्रसंग सायबेरियन रेल्वेचा आहे. १८९१ साली बांधणीला प्रारंभ झालेला हा मॉस्को ते व्लादिवोस्तोक असा नऊ हजार दोनशेहून अधिक किलोमीटरांचा मार्ग १९१६ मध्ये संपूर्ण रशियन हद्दीतून पुरा झाला. लक्षावधी शेतकरी जमिनीच्या आशेने पूर्वेकडे गेले. ज्यांच्या चराऊ जमिनी त्यांना मिळाल्या, ते मागे रेटले गेले. नव्या शेतकऱ्यांनी स्वस्त गहू पिकविला, तेव्हा युरोपीय रशियातील जमीनदार घाबरले. त्यांच्या संरक्षणासाठी १८९६ साली भाड्याच्या दरात एक युक्ती करण्यात आली. लांबच्या वाहतुकीला दर किलोमीटर भाडे कमी पडते, ही सर्वत्र रीत आहे. सायबेरियाच्या धान्यापुरता हा हिशेब चेल्याबिन्स्कपाशी तोडून पुन्हा पहिल्यापासून मोजण्यात येऊ लागला. साहजिकच तो गहू पश्चिमेच्या बाजारात महाग पडला. शेतकरी लोण्याकडे वळला, सहकारी लोणी-संघ निघाले आणि पश्चिम सायबेरियाचे लोणी पहिल्या महायुद्धापूर्वी इंग्लंडच्या बाजारात जाऊ लागले. कच्चा माल पिकविणाऱ्या प्रदेशाच्या दैवाचा निर्णय दूरच्या राजधानीत होतो, हे कापूस पिकविणाऱ्या खानदेशाला वेगळे समजावून सांगावयास नको.

क्रांतीनंतरचा जमाखर्च संमिश्र आहे. १९३० साली लेनिनग्राडमध्ये उत्तरेकडील लोकांसाठी स्वतंत्र संस्था निघाली. ज्या भाषांना लिपी नव्हती, त्यांना ती मिळाली. चुकची शिकाऱ्याच्या घरी जन्मलेला युरी रित्खेउ (१९३०-२००८) जगभर वाचला जाणारा लेखक झाला. ही कमाई नाकारता येणार नाही. पण त्याच काळात रेनडिअरांचे कळप सामुदायिक शेतीत ओढले गेले, मुले आई-बापांच्या तंबूतून उचलून निवासी शाळांत नेण्यात आली आणि कोलिमा, नोरिल्स्क येथे कैद्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. निवासी शाळेत मुलाला अक्षर मिळाले. परंतु सुटीत घरी परतलेल्या मुलाला कळप हाकता येईना आणि आजीशी तिच्या भाषेत बोलता येईना. आश्रमशाळेत काम केलेल्या शिक्षकाला हा पेच पुस्तकात वाचावा लागत नाही.

आपला हिस्सा

हे सारे दूरचे आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. वस्तुस्थिती अशी की, आपण आता या प्रदेशाचे केवळ प्रेक्षक राहिलेलो नाही. भारतीय सार्वजनिक क्षेत्रातील ओएनजीसी विदेश या कंपनीने २००१ साली सखालिन-१ या तेलक्षेत्रात वीस टक्के हिस्सा घेतला, २००९ मध्ये तोम्स्क भागातील इंपीरियल एनर्जी विकत घेतली आणि २०१६ मध्ये उत्तर सायबेरियातील वान्कोर तेलक्षेत्रात भारतीय कंपन्यांचा एकत्रित वाटा ४९.९ टक्के झाला. हा पैसा करदात्याचा आहे. म्हणजे शाळामास्तरांचा, कारकुनांचा आणि चोपड्याच्या केळीवाल्याचाही.

दुसरा धागा आणखी जवळचा आहे. रशियात निघणारे बहुतेक हिरे साखा प्रजासत्ताकातून येतात; तेथील मीर खाण १९५५ साली सापडली. जगातील बहुतांश हिऱ्यांना पैलू पडतात ते तापीच्या मुखाशी, सुरतेत. धरणगाव-अमळनेरला गाडीत बसून सुरतेला पोट भरण्यास गेलेली खानदेशी कुटुंबे उधना-लिंबायत भागात हजारोंनी आहेत. जी-७ राष्ट्रांनी २०२४ च्या आरंभापासून रशियन हिऱ्यांवर बंदी घातली, तेव्हा सुरतेच्या कारखान्यांपुढे अडचण उभी राहिली आणि तिची झळ त्या शहराच्या आधारे जगणाऱ्यांना लागल्याखेरीज राहत नाही. साखांच्या भूमीतील खाण आणि तापीकाठचा कामगार यांच्यामध्ये असा व्यापाराचा सरळ रस्ता आहे. ओळखीचा मात्र नाही.

तिसरा धागा विज्ञानाचा. ध्रुवप्रदेशाच्या संशोधनाचे भारताचे राष्ट्रीय केंद्र गोव्यात वास्को येथे आहे. अंटार्क्टिकासाठी १९९८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने २००७ पासून आर्क्टिककडे लक्ष वळविले आणि १ जुलै २००८ रोजी नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील न्यू-ओलेसुन्द येथे 'हिमाद्री' हे केंद्र सुरू केले. २०१३ मध्ये भारताला आर्क्टिक परिषदेत निरीक्षकाचा दर्जा मिळाला आणि मार्च २०२२ मध्ये सरकारने आपले आर्क्टिक धोरण जाहीर केले. आर्क्टिकचे बर्फ आणि आपला पाऊस यांचा संबंध तपासणे हा या संशोधनाचा एक प्रमुख हेतू आहे; पावसावर जगणाऱ्या देशाने तो खर्च करणे सर्वथा उचित आहे. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. स्वालबार्डमध्ये मूळची वस्ती कधीच नव्हती. आर्क्टिकमध्ये सुमारे चाळीस लाख लोक राहतात आणि त्यांपैकी साधारण दहावा हिस्सा मूळ रहिवाशांचा आहे. आपले वैज्ञानिक केंद्र मात्र नेमके अशा जागी आहे, जेथे त्यांची गाठ पडत नाही.

गाठ पडली असती तर काय ऐकावयास मिळाले असते? यामालमध्ये नोव्हेंबर २०१३ मध्ये बर्फावर पाऊस पडला, तो गोठून जमिनीवर बर्फाचे कवच बसले आणि खालच्या शेवाळापर्यंत तोंड न पोहोचल्यामुळे एकसष्ट हजार रेनडिअर उपासमारीने मेले. २०१६ च्या उन्हाळ्यात तेथेच अँथ्रॅक्सची साथ उद्भवली. गोठलेली जमीन विरघळल्याने जुने जंतू मोकळे झाले, असे मानले जाते. तीत दोन हजारांहून अधिक जनावरे आणि एक बारा वर्षांचा मुलगा दगावला. २०२० मध्ये नोरिल्स्कजवळ इंधनाची टाकी फुटून सुमारे एकवीस हजार टन डिझेल नद्यांत व जमिनीत गेले. एका गारपिटीत उभी केळीची बाग आडवी झालेली ज्याने पाहिली आहे, त्याला त्या नेनेत्स कुटुंबाची अवस्था कोणत्याही आकडेवारीवाचून कळेल. अवकाळी हा शब्द त्यांच्याही भाषेत असला पाहिजे.

जवळची उत्तर

चोपड्यात कोणत्याही घराच्या गच्चीवर उभे राहून उत्तरेकडे पाहिले की सातपुडा दिसतो. तो फार दूर नाही आणि थंडही नाही. १८७८ च्या वन कायद्यानंतर त्याचा मोठा भाग सरकारी नकाशावर 'राखीव' म्हणून रंगविला गेला आणि त्या रंगाखाली पावरा, बारेला, भिल्ल, तडवी यांचे पाडे दिसेनासे झाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही चूक मान्य केली, ती सव्वाशेहून अधिक वर्षांनी. आजही ज्याने पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसली, त्यालाच आपण येथे होतो याचा पुरावा द्यावा लागतो. रशियाच्या १९९३ च्या राज्यघटनेनेही अल्पसंख्य मूळ रहिवाशांना हक्कांची हमी दिली आहे. पन्नास हजारांहून कमी लोकसंख्येच्या उत्तर, सायबेरिया आणि अतिपूर्वेकडील चाळीस जमातींची यादीही केली आहे. कागद आणि जमीन यांतील अंतर तेथेही सरलेले नाही. दोन प्रदेशांची तुलना ताणू नये. इतिहास वेगळे, राज्यपद्धती वेगळ्या. तथापि रिकामी भूमी आणि भरलेली तिजोरी ही जोडी जेथे जेथे दिसेल, तेथे तेथे मधली माणसे कोठे गेली, हे विचारावयास हवे.

यास्तव काही साध्या अपेक्षा. आपल्या भूगोल-अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून 'निर्जन' हा शब्द काढून तेथे लोकांची नावे घालावीत. त्याला खर्च येत नाही. परदेशी तेलक्षेत्रांत सार्वजनिक पैसा गुंतविणाऱ्या कंपन्यांनी, त्या भूमीवर कोण राहते आणि त्यांना काय मिळाले, हे आपल्या वार्षिक अहवालात भागधारकांना सांगावे. ध्रुवसंशोधनाच्या कार्यक्रमात हिमशास्त्रज्ञांबरोबर भाषाशास्त्राचा, समाजशास्त्राचा आणि अर्थशास्त्राचा अभ्यासकही असावा. आणि आम्ही महाविद्यालयीन शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सायबेरियाचा नकाशा भरावयास देण्यापूर्वी तालुक्याच्या उत्तरेकडील पाड्यांचा नकाशा त्यांच्याकडून काढून घ्यावा. त्या वर्गात शिकविणारा कोण आणि शिकणारा कोण, याचा उलगडा आपोआप होईल.

मी माझे टिपण बदलले आहे. आता मी सांगतो : 'अतिथंड, विरळ वस्तीचा प्रदेश, येथील नेनेत्स, एवेन्की, साखा, बुर्यात, चुकची इत्यादी लोकांनी जमविलेल्या कातड्यांच्या करावर एक साम्राज्य उभे राहिले.' परीक्षेत गुण मिळविण्यास जुने वाक्य पुरेसे होते. पण पुरेसे आणि खरे यांत फरक आहे, हे मला एका विद्यार्थ्याने शिकविले. तो विद्यार्थी पदवी घेऊन केव्हाच निघून गेला. हे उत्तर त्याला वर्गातच मिळावयास हवे होते.